दाजी शुद्धीवर कधी येणार?

उसाचा हंगाम सुरू झाला की माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या पट्ट्यात रात्री मोटारसायकल चालवणं म्हणजे जिवावरचा खेळ. बिनदिव्याची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आमच्या दाजींनाही दिसली नाही. सोलापूरला एका दवाखान्यात मेंदूतलं साकळलेलं रक्त काढलं, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, आणि आक्काच्या सोबतीला आयसीयूबाहेर थांबायचं काम माझ्याकडे आलं. मी खत-बियाणांचं दुकान चालवणारा माणूस. कोमा पाहिलेला तो सिनेमातच. हिरो डोळे उघडतो आणि लगेच आईला ओळखतो.

दाजींच्या फाईलवर रोज ‘ई २, व्हीटी, एम ४’ असं लिहिलेलं असायचं. मला तो उसाच्या वाणाचा नंबर वाटायचा, को ८६०३२ सारखा. शेवटी रात्रपाळीच्या एका सिस्टरनी उलगडून सांगितलं. ही ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली काढलेली मोजपट्टी. ‘ई’ डोळ्यांचा, ‘व्ही’ बोलण्याचा, ‘एम’ हालचालीचा. दुखवल्यावरच डोळे उघडतात म्हणून २. गळ्यात नळी, बोलणार कसं, म्हणून आकड्याऐवजी ‘टी’. नखावर पेन दाबलं की हात मागे घेतात म्हणून ४. सांगितलेलं ऐकून हात हलवला असता तर ६ मिळाले असते. एकूण गुण १५ आणि कमीत कमी ३. म्हणजे काहीच न करणाऱ्यालाही ३ मिळतातच. आमच्या शाळेत अशी सोय नव्हती.

मग एका सकाळी दाजींनी आपणहून डोळे उघडले. आक्कानं निम्म्या माढ्याला फोन लावले. आत्याबाई माढेश्वरीचा अंगारा घेऊन एसटीनं निघाल्या. डॉक्टर मात्र शांत. म्हणाले, “डोळे उघडलेत, पण जाणीव आली का ते अजून बघायचंय.” माझं डोकंच चालेना. डोळे उघडे, जांभई देतोय, रात्री झोपतोय, मग राहिलं काय? त्यांनी समजावलं की कोमा सहसा दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर जागं राहायची यंत्रणा सुरू होते, पण आजूबाजूचं कळणारा मेंदू तिच्याबरोबर सुरू होईलच असं नाही. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी.

एका पाहुण्यानं तर ‘ब्रेन डेड’ म्हणून टाकलं. डॉक्टर पहिल्यांदाच चिडलेले दिसले. मेंदू मेलेला माणूस स्वतःहून श्वास घेत नाही, आणि दाजींचं व्हेंटिलेटर तर कधीच काढलं होतं.

त्यानंतरची तपासणी मी डोळ्यांनी पाहिली. डॉक्टरांनी हातभर आरसा आणला आणि दाजींच्या चेहऱ्यासमोरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नेला. माणसाची नजर दुसऱ्या कशापेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे चटकन जाते म्हणे. नजर थोडी सरकली, अडकली, परत सरकली. मग “हात दाबा” म्हणाले, दाजींनी दाबला. आक्का रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, “थांबा. तान्हं मूलही बोट धरतं.” आणि दाजींना म्हणाले, “आता सोडा.” हात सुटला नाही. त्या दिवशी ‘सांगितलेलं ऐकतो’ असं फाईलवर चढलं नाही. चार दिवसांनी दाजी अन्नाची नळी ओढायला लागले, त्यांचा हात बँडेजनं कॉटला बांधावा लागला. आम्हाला कसंतरी झालं, पण डॉक्टर खुशीत. नेमक्या त्रासाच्या जागी हात जातोय, म्हणजे एम ५.

“पण कधी बरे होतील?” याला मात्र उत्तर मिळायचं नाही. मला ती टाळाटाळ वाटायची. पुढे वाचलं तेव्हा कळलं की एका तपासणीवर बोलणाराच धोक्याचा. बेल्जियममध्ये २००९ साली, काहीच कळत नाही असं डॉक्टरांनी ठरवलेल्या ४४ रुग्णांना आरशासकट सगळ्या चाचण्या नीट लावल्या, तर १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. २०२४ मध्ये तर सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ जणांची मेंदूच्या यंत्रांवर तपासणी झाली, आणि ६० जण मनातल्या मनात सूचना पाळत होते. ताप, सोडियम कमी होणं, झटक्याच्या गोळ्यांची गुंगी, एवढ्यानंही जागा माणूस बधिर दिसतो.

गावात प्रत्येकाच्या तोंडी अरुणा शानबाग. केईएमची ही परिचारिका १९७३ च्या नोव्हेंबरपासून १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं जाईपर्यंत त्याच रुग्णालयात होती. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली इच्छामरणाची याचिका फेटाळली. केईएमच्या परिचारिकांनी तिला असं जपलं की इतक्या वर्षांत अंगाला जखम पडली नाही. पण तिचं उदाहरण दाजींना लावता येत नव्हतं. तिच्या गळ्याला साखळी आवळल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला होता. प्राणवायूअभावी झालेल्या इजेत ३ महिन्यांनंतर आशा फार कमी होते, डोक्याला मार लागला असेल तर १२ महिन्यांपर्यंत वाट पाहतात, आणि त्यानंतरही थोडे सुधारतात. हा फरक आम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितला असता, तर घरातली निम्मी भांडणं टळली असती.

दाजी आता माढ्यात आहेत. धरून चालतात, आक्काला नावानं हाक मारतात, ऊस गेला का विचारतात आणि पाच मिनिटांनी परत तेच विचारतात. शेताचा हिशेब त्यांना जमत नाही, तो आक्का बघते.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर फाईलवरचे आकडे समजावून मागा. इजा माराची की प्राणवायूची, हे विचारा. रुग्णानं काही केलं तर वेळेसकट मोबाईलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा, आणि पुन्हा तपासा म्हणायला लाजू नका.