गल्ल्यामागचा फोटो

पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या एखाद्या जुन्या दुकानात शिरलात, तर आधी दिसतो गल्ला आणि गल्ल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर वीतभर वर एक फोटो. दुकान ज्यांनी काढलं ते आजोबा. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एक हात गुडघ्यावर, दुसरा रोजकीर्दीवर. चेहरा असा की उधारीचं नाव काढायची सोय नाही. आमच्या आळीत हा फोटो वाण्याकडे होता, शिंप्याकडे होता, खानावळीत होता, पिठाच्या गिरणीत होता (तिथले आजोबा बारा महिने पिठानं पांढरे), आणि पलीकडे कसब्यात तांबट आळीत मठारकामाच्या ठोक्यांनी भिंतीवर सदा थरथरत असायचा. वाण्याकडून परत आलेले सुटे पैसे जागेवरच मोजून घ्यायचे, हे आम्ही या आजोबांच्या नजरेखाली शिकलो.

तेव्हा फोटो काढायला निमित्त लागे. दुकानाची पाटी नवी केली, वीज घेतली, काचेची कपाटं आली, पंचवीस वर्षं झाली. बहुतेक वेळा दसरा गाठत. ताजवा आणि वजनं चिंचेनं घासून पुजलेली असत, फळीला झेंडूचं तोरण असे, घरादारानं नवे कपडे घातलेले असत. पूजेच्या खर्चात फोटोही उरकून जाई. पैशाला पैसा म्हणणारी माणसं होती ती.

फोटोवाले सायकलवरून येत. कॅरिअरला कॅमेऱ्याची पेटी, दांडीला स्टँड बांधलेला, खांद्यावर ते काळं फडकं. आल्या आल्या ते दुकानाकडे बघून मान हलवत. आत अंधार, बाहेर ऊन. दोन्ही एका फोटोत नीट यायचं नाही. मग माणसं पायरीवर येत आणि माणसांपाठोपाठ माल. तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, चहाची खोकी, ओगल्यांचे प्रभाकर कंदील, साबणाच्या वड्यांची उतरंड. दुकानात एरवी जे कधी एका वेळी दिसलं नाही ते सगळं फोटोत दिसलं पाहिजे, असा आजोबांचा हट्ट. शिवाय पाटी आली पाहिजे. पाटी आणायची तर कॅमेरा समोरच्या वाड्याच्या ओट्यावर न्यावा लागे, आणि मग रस्ता अडे. टांगेवाला थांबे, सायकलवाले पाय टेकून उभे राहत, दळण घेऊन निघालेल्या बायका डबा कडेवर घेऊन बघत बसत. "काय चाललंय?" "दुकानाचा फोटो चाललाय." एवढ्यावर रस्ता मोकळा होईपर्यंत कुणाची तक्रार नसे.

मग बसायचा क्रम. यात फोटोवाल्यांना काही विचारायचं नाही. हे घरात आदल्या रात्री ठरलेलं असे. मधे आजोबा, खुर्चीत. ती खुर्ची डॉक्टरांकडून मागून आणलेली, आळीतल्या निम्म्या संस्थापकांचे फोटो त्या एकाच खुर्चीतले आहेत. उजव्या हाताला थोरले, डाव्या हाताला धाकटे. मागे मुलं, उंचीप्रमाणे. जावई आलेले असले तर त्यांना कुठे बसवायचं हा मोठा प्रश्न. दिवाणजी उभे, पण खुर्चीला हात लावून. आणि सगळ्यात टोकाला हमाल, कधी अर्धा आत, कधी फोटोच्या कडेनं कापलेला. पोती ज्यानं वाहिली त्याला फोटोत खांद्यापुरती जागा.

"हलायचं नाही!" असं म्हणून फोटोवाले फडक्याखाली जात. आकडे मोजले जात. जुन्या फोटोंत एखादं पोर हमखास हललेलं असतं. आमच्याकडच्या एका फोटोत काकांच्या जागी नुसता सदरा आहे आणि त्याच्या वर धुकं. ते काका पुढे पन्नास वर्षं गल्ल्यावर बसले. गिऱ्हाईक विचारी, "यात तुम्ही कोणते?" ते शांतपणे सदऱ्यावर बोट ठेवत.

काढलेला फोटो घरी यायला आठवडा-पंधरवडा लागे. लाल दिव्याच्या खोलीत धुणं, हायपोत बुडवणं, वाळवणं हे झालंच. पण खरी करामत पेन्सिलीची. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीनं सुरकुत्या भरून काढत. आजोबांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण गेले, काकूंच्या मते त्याबरोबर आजोबाही गेले. हौस आणि पैसा असला तर वर हातानं रंग भरायचा: पगडी लाल, गाल गुलाबी, तोरण पिवळं. गुळाच्या ढेपेला मात्र गुळाचा रंग कुणालाच साधला नाही.

आणि वाटण्या. फोटोत दोन भाऊ, वर्षभरानं दुकानं दोन. मग फोटोचं काय? आळीत एका घरानं फोटोवाल्यांना सांगून धाकट्याला काढून टाकलं. निगेटिव्हवर ती जागा लाल रंगानं झाकली की छापताना पांढरी येते. त्या पांढऱ्यावर त्यांनी कुंचल्यानं छान खांब रंगवला. खांब बेमालूम झाला. फक्त धाकट्याचा हात पुतण्याच्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. पुढे भाऊ एक झाले, धाकटे दिवाळीला जेवायला येऊ लागले, आणि दरवर्षी त्या फोटोखाली बसून, स्वतःच्याच हाताकडे बघत, चिरोटे खाऊ लागले.

फोटो भिंतीवर लागला म्हणजे त्याचं काम संपलं असं नाही. त्याचा ब्लॉक करून घेतला की मग तो खरा कामाला लागे. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं खोदलेले ठिपके, खाली लाकडी ठोकळा, उंची बरोबर टाइपाएवढी. हा हुन्नर साधा नव्हता. दादासाहेब फाळकेसुद्धा सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी, ब्लॉक आणि छपाई याच उद्योगांत होते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, ते मुळात कारखान्याची खबर लोकांपर्यंत न्यायला. आमच्या आजोबांनी किर्लोस्करांसारखे लोखंडी नांगर केले नव्हते, हिंग आणि खोबरं विकलं होतं, पण आपलीही खबर छापून यावी असं त्यांना वाटलंच.

ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर. म्हणून अख्खं दुकान कोणी छापत नसे, आजोबांचं नुसतं तोंड. गणेशोत्सव मंडळाचा अहवाल, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक, देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका, दिवाळी अंकाचं पाव पान: सगळीकडे तोच ब्लॉक, तेच तोंड. जाहिरातीच्या पत्राखाली ठरलेली ओळ असे: काम होताच ब्लॉक परत पाठवावा. नाही आला तर पोराला छापखान्यात पिटाळत. आला की जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून गल्ल्याच्या खालच्या खणात, अडकित्ता आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या यांच्या शेजारी.

ठिपक्यांमध्ये शाई बसत जाई. रॉकेल आणि ब्रश घेऊन कितीही घासा, थोडी राहतेच. त्यातून आर्ट पेपरसाठी केलेला बारीक जाळीचा ब्लॉक कुणीतरी अहवालाच्या खरबरीत कागदावर छापी. दर दिवाळीला आजोबा थोडे थोडे सावळे होत गेले. शेवटी टोपी कुठे संपली आणि कपाळ कुठे सुरू झालं ते घरच्यांनीच सांगावं. तरी दुसरा ब्लॉक केला नाही. आहे की हा! पुढे ऑफसेट आली, छापखान्यातले खिळे गेले, ब्लॉकही गेले. मोडीत, जस्ताच्या भावानं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांना त्या दिवसाबद्दल वेगळं काही सांगायला नको. पाणी ओसरल्यावर गाळातून काढलेल्या फोटोंची गत अशी झाली की ओला फोटो वाळताना काचेला चिकटला. ज्यांनी ओढून काढला त्यांच्या हाती पांढरा कागद आला. आजोबा काचेवर राहिले. ज्यांनी आळसानं तसाच ठेवला त्यांच्याकडे आजही आहे, पाण्याच्या रेषेसकट. आमच्या आळीतल्या खानावळीच्या फोटोवर ती रेषा बरोबर आजोबांच्या हनुवटीखालून जाते.

आणि जे पुरानं नेलं नाही ते आपणच घालवलं. काचेच्या जुन्या निगेटिव्ह धुऊन त्या काचा तसबिरींना लावल्या. फिल्मच्या निगेटिव्ह त्यातल्या चांदीसाठी विकल्या. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. काच महाग होती, जागा लहान होती, आणि आजोबा भिंतीवर होतेच.

पुढे घरोघरी आग्फा क्लिक थ्री आला, एका रोलमध्ये बारा फोटो, मग रंगीत रोल आले, आणि फोटोवाल्यांना बोलावण्याचं कारण कमी झालं. रंगीत फोटोंनी आम्हाला फसवलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अल्बम उघडून बघा: निळा रंग आधी उडाला आणि सगळं दुकान तांबूस झालं. आजोबा काळ्यापांढऱ्यात ठणठणीत, वडील मात्र कावीळ झाल्यागत.

आता दुकानांची चौथी पिढी पुन्हा फोटोवाल्यांना बोलावते. भारी कॅमेरे घेतलेली, विशीतली गुणी मुलंमुली येतात. दुकानाची गोष्ट सांगायची असते: वेष्टनावर, मोबाइलवर, विमानतळावरच्या लाडवांच्या डब्यावर. आमचे फोटोवाले गिरणीवाल्यांना सांगत, "काका, भुवयांवरचं पीठ पुसा." ही मुलं म्हणतात, "काका, पीठ राहू द्या." तांबटाच्या हातोडीला पूर्वी फोटोत जागा नव्हती, तयार घंगाळाला होती. आता हातोडी, हात, हातावरचे घट्टे. मला हे आवडतं. काम करणारा माणूस फोटोत काम करताना दिसायला शंभर वर्षं जावी लागली.

एकच गाऱ्हाणं आहे. हात सुंदर दिसतो आणि मागचं सगळं धूसर. आता आपण आजोबांचा फोटो खाली घेऊन बघतो तेव्हा आजोबांकडे किती वेळ बघतो? ते पाठ आहेत. आपण बघतो मागचा भावफलक आणि त्यावरचा साखरेचा दर. फळ्यांवर खडूनं घातलेले आकडे, कुठल्या नंबरची फळी कुठे लावायची त्याचे. भिंतीवरचं घड्याळ, ज्यावरून कळतं की गिऱ्हाइकाची खोटी नको म्हणून सकाळी आठच्या आत फोटो उरकला. आणि खानावळीच्या फोटोत, पाटी यावी म्हणून कॅमेरा लांब नेला त्यामुळे आलेली, वरच्या माडीची खिडकी. तिच्यात गजांमागे अर्धा चेहरा आहे. खानावळीचा मसाला कुटणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, भाजीच्या चवीचा शेवटचा शब्द असणाऱ्या आजींचा तो एकुलता एक फोटो. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या.

म्हणून मुलांनो, एक तरी फोटो लांबून काढा. पाटीसकट, खिडकीसकट, मागच्या कपाटात काय आहे ते वाचता येईल असा. मसाला कुटणारीला बाहेर बोलवा आणि डॉक्टरांची खुर्ची तिला द्या.

आणि तुमच्याकडे जुना फोटो असेल तर यंदा दसऱ्याला तो पुसायला उतरवाल तेव्हा थोडा वेळ काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेवरूनच त्याची प्रत काढून घ्या. चिकटला नसेल तर उलटा करा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव झोकात उठवलेलं असेल, माणसांची नावं नसतील. सगळ्यांना सगळे माहीत होते, लिहायचं कशाला? घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, चष्मा द्या, आणि मागच्या बाजूला कडेला हलक्या हातानं शिसपेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेन नको, ते पुढे उठतं. हमालापासून सुरुवात करा. आजोबांचं नाव पाटीवर आहेच.