मथळा एकदाच लिहावा

लांब व्याख्यानाच्या स्लाइड्स करताना आपण सगळ्यात जास्त वेळा लिहितो आणि सगळ्यात कमी वेळा वाचतो तो मथळा. आशय प्रत्येक स्लाइडवर नवा असतो, त्यामुळे लक्ष तिकडे असतं. मथळा मात्र मागच्या स्लाइडवरून तसाच उतरतो. 'पुढे चालू' एवढं जोडलं की झालं. वीस मिनिटांच्या सादरीकरणात हे खपून जातं. सहा दिवसांच्या प्रशिक्षणात खपत नाही, हे मला माझ्या मामांमुळे कळलं.

मामा अकोला जिल्ह्यात शेतीशास्त्र शिकवतात. खरिपाआधी शेतकऱ्यांसाठी कापसावरच्या किडींचं प्रशिक्षण घेतात. मी अमरावतीचा, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची आणि सध्या घरूनच चालणारी. तेव्हा 'जरा अक्षरं मोठी करून दे' एवढ्या कामासाठी त्यांची फाइल माझ्याकडे आली. 168 स्लाइड्स होत्या. गुलाबी बोंडअळी हा विषय एकच, पण त्याचे मथळे पाच तऱ्हेचे: 'गुलाबी बोंडअळी', 'गु. बोंडअळी', 'गुलाबी बोंड अळी', 'बोंडअळी पुढे चालू' आणि 'पुढे चालू 2'. शोधायला गेलं तर एका नावाने सगळ्या स्लाइड्स सापडत नव्हत्या.

इथवर हा नीटनेटकेपणाचा प्रश्न होता. पण एके ठिकाणी 'गुलाबी बोंडअळी' असा मथळा आणि खाली तक्ता मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्या फवारणीचा, असा प्रकार होता. कारण उघड होतं. आधीची स्लाइड डुप्लिकेट केली, तक्ता बदलला, मथळा राहिला. वर्गात मामा तोंडाने बरोबरच सांगणार, म्हणून ही चूक कोणाला कधी दिसलीही नसती. पण आता स्लाइड फक्त वर्गात राहत नाही. समोर बसलेली माणसं मोबाइलवर तिचा फोटो काढतात, तो गावच्या ग्रुपवर जातो, तिथून दुसऱ्या गावच्या. फोटोसोबत मामा जात नाहीत. रसशोषक किडींचं औषध बोंडाच्या आत बसलेल्या अळीसाठी मारलं, तर पैसे वाया आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर विनाकारण विष. 2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून आमच्या भागात फवारणीचा तक्ता कोणी हलक्यात घेत नाही.

मामांना मी फोन केला. ते म्हणाले, "अरे बाप्पा, इतक्या स्लाइडी हायेत, प्रत्येकीले नाव देत बसू काय?"

"मामाजी, नाव एकदाच द्याचं हाये. बाकी ठिकाणी त्याले बोलवाचं."

"म्हंजे निमंत्रण द्याचं नावाले?"

जवळजवळ तसंच. आमच्या धंद्यात हा जुना नियम आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी 1999मधल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात तो नेमका मांडला: एका माहितीचं अधिकृत ठिकाण एकच असावं, बाकी सगळ्यांनी ती तिथून घ्यावी. माहिती दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी एक बदलते आणि दुसरी राहून जाते.

स्लाइड्सच्या बाबतीत हा नियम सगळ्यात सरळ दिसतो तो बीमरमध्ये. टिल टांटाउ या जर्मन संशोधकाने 2003 साली आपल्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी लाटेकवर चालणारी ही सोय तयार केली आणि ती जगभरच्या गणित-भौतिकीच्या वर्गांत पोचली. त्यात प्रकरणाचं नाव सुरुवातीला एकदा सांगायचं. पुढे स्लाइडच्या मथळ्यात नाव टाइप न करता 'इन्सर्टसेक्शन' ही आज्ञा लिहायची. आपण ज्या प्रकरणात असू, त्याचं नाव तिथे आपोआप येतं. उपप्रकरणासाठी तशीच वेगळी आज्ञा. स्लाइड उचलून दुसऱ्या प्रकरणात ठेवली तर मथळाही बदलतो. मजकूर जास्त झाला तर तो तोडून पुढच्या स्लाइडवर नेण्याची आणि मथळ्याला रोमन आकडे लावण्याची सोयही आहे. पण बीमरच्या पुस्तिकेतच या सोयीला चक्क वाईट म्हटलं आहे. कारण मजकूर कुठे तोडायचा हे शिकवणाऱ्याने ठरवायचं असतं, यंत्राने नाही.

मामांना लाटेक शिकवणं शक्य नव्हतं. पॉवरपॉइंटमध्ये 2010च्या आवृत्तीपासून स्लाइड्सचे विभाग पाडता येतात, पण विभागाचं नाव स्लाइडवर आपोआप उमटत नाही. त्यावर तोड अशी: स्लाइड मास्टरमध्ये जायचं, प्रत्येक विभागासाठी एक वेगळा लेआउट करायचा आणि विभागाचं नाव त्या लेआउटवरच पक्कं लिहायचं. मग नवीन स्लाइड घेताना फक्त लेआउट निवडायचा. नावात काना-मात्रा चुकला असेल तर एका जागी दुरुस्त केला की त्या विभागाच्या सगळ्या स्लाइड्सवर दुरुस्त होतो. मी असे सात लेआउट केले, प्रत्येकाला डाव्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी दिली. 168 स्लाइड्स त्यात बसवायला एक संध्याकाळ गेली. तो चुकीचा तक्ता आपोआप उघडा पडला, कारण बोंडअळीच्या रंगात त्याला ठेवताच येईना.

तरी मामांचं समाधान झालं नाही. "सारखं सारखं तेच नाव वर दिसलं तं पोट्टे झोपतात. अन् शेतकरी तं उठूनच जातात."

हा आक्षेप खरा आहे, आणि कॉपी-पेस्ट थांबवल्याने तो सुटत नाही. तीस स्लाइड्सवर 'गुलाबी बोंडअळी' बिनचूक लिहिलं, तरी त्यातून ऐकणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. मथळ्याकडे दोन कामं असतात. आपण कुठे आहोत ते सांगायचं, आणि इथे काय म्हणायचं आहे ते सांगायचं. पहिलं काम सगळ्या स्लाइड्सवर सारखं, म्हणून ते लेआउटकडे द्यावं. दुसरं प्रत्येक स्लाइडचं वेगळं, म्हणून ते हातानेच लिहावं, आणि शक्यतो पूर्ण वाक्यात. मायकेल अ‍ॅली हे विज्ञान-सादरीकरणाचे अभ्यासक कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. मग 'गुलाबी बोंडअळी' वर बारीक अक्षरात गेलं, आणि खाली मोठ्या अक्षरात आलं: 'सलग तीन दिवस कामगंध सापळ्यात रोज 8 पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली.' दुसऱ्या स्लाइडवर: 'डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा.' ही वाक्यं मामांनी स्वतः लिहिली. त्यात त्यांचे दोन दिवस गेले. जी यंत्रावर सोपवता आली, तिच्यातून वाचलेला वेळ इथे लागला, आणि तो इथेच लागायला हवा होता.

हे करताना माझ्या लक्षात आलं की फोटोतून भटकणारी स्लाइड ही काही नवी अडचण नाही. जुन्या पोथ्या सुट्या पानांच्या असत. दोन फळ्यांमध्ये ठेवून फडक्यात बांधायच्या. बांधणी सुटली की पानं कुठेही जाणार. म्हणून लेखनिक पानाच्या समासात ग्रंथाचं नाव थोडक्यात आणि पानाचा क्रमांक लिहीत. ग्रंथ हातात असलेल्याला त्याची गरज नव्हती. ते पान एकटं ज्याला सापडेल, त्याच्यासाठी ते लिहिलेलं होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गेलं की ही गोष्ट आणखी जवळची वाटते. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तिथे 'लीळाचरित्रा'त एकत्र केल्या. परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे तिचे वेगवेगळे पाठ झाले. त्यातली प्रत्येक लीळा लहान, सुटी आणि स्वतःचं नाव असलेली. भेटीच्या कितीतरी लीळांच्या नावाशेवटी 'भेटि' हाच शब्द येतो, बदलतो तो भेटणारा माणूस. एक शब्द ठरलेला, एक नवा. आम्ही मामांच्या स्लाइड्सवर याहून वेगळं काही केलं नव्हतं.

आणि सारख्या नावाने माणसं झोपतात म्हणावं, तर गाडगेबाबांचं कीर्तन आठवावं. बाबा याच जिल्ह्यातल्या शेणगावचे, 1876चा जन्म. हातात पोथी नाही, समोर फळा नाही. समोरच्या माणसांना प्रश्न विचारत पुढे जायचं आणि मध्येच गोपाळाच्या नावाचा गजर. गजर दर वेळी तोच, पण तो आला की एक मुद्दा संपला हे शेवटच्या रांगेलाही कळे. नाव परत येण्याने लोक झोपत नाहीत. दोन नावांच्या मधे काही सांगितलंच नाही, तर झोपतात.

प्रशिक्षणाच्या आदल्या रात्री मामांनी सगळी फाइल मोबाइलवर उघडून पाहिली आणि मला शेवटचं काम सांगितलं. "लोकं फोटो कापतात ना बाप्पा. खालचा तक्ता ठेवतात, वरचं नाव जाते." मग फवारणीच्या प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीत, औषधाच्या नावाच्याही आधी, किडीचं नाव घातलं. हे काम लेआउटला जमणारं नव्हतं. अकरा तक्ते होते. प्रत्येक नाव मामांनी फोनवर सांगितलं, मी टाइप केलं, आणि त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं.