केसपेपरची पहिली ओळ

क्लिनिकल सायकॉलॉजी शिकायला येणारी मुलं अभ्यासात कच्ची नसतात. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, संख्याशास्त्र, निदानाचे निकष, सगळं वाचून आलेली असतात. थेरपी कधी शिकवणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही मात्र सुरुवातीचे कितीतरी आठवडे त्यांना एकच काम देतो: केस हिस्ट्री घ्या, लिहा, परत वॉर्डात जा, परत लिहा. काहींना हे जाचक वाटतं. मला तोच या शिक्षणाचा कणा वाटतो.

केसपेपरवर आधी येतात तक्रारी. त्या रुग्णाच्याच शब्दांत आणि किती दिवसांपासून, हे धरून लिहायच्या. एका विद्यार्थिनीनं पन्नाशी उलटलेल्या एका शेतकऱ्याची केस आणली होती. पहिली ओळ होती, ‘उदास मनःस्थिती, चार महिने’.

‘‘काका असं म्हणाले?’’

‘‘नाही मॅडम. ते म्हणाले, रानात जाऊ वाटत नाही, घास उतरत नाही, पहाटं तीनलाच डोळं उघडत्यात.’’

‘‘मग तेच लिही. आणि घास उतरत नाही म्हणजे काय, ते विचारून ये.’’

ती गेली. खायची इच्छा होत नाही की गिळताना अडकतं, एवढंच तिनं विचारलं. काका म्हणाले, ‘‘अडकतंय की. पाण्यासंगं ढकलावं लागतंय.’’ त्याच दुपारी त्यांना कान-नाक-घशाच्या ओपीडीत पाठवलं. मनाचा आजार नव्हता असं नाही. पहाटेची जाग आणि रानाचा कंटाळा यांची दखल घ्यायचीच होती. पण ‘उदास’ या निष्कर्षाखाली गिळण्याचा त्रास पार झाकून गेला असता. मानसशास्त्रज्ञाकडे आलेल्या माणसालाही घसा असतो, हे विसरून चालत नाही.

चाचण्यांचंही तसंच. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, चंद्र मोहन भाटियांनी १९५५ मध्ये शब्दांवाचून घेता येतील अशा चाचण्यांचा संच दिला. चाचणीची रीत पुस्तकात सापडते. बघावं कुठे, ते सापडत नाही. रंगीत ठोकळ्यांची नक्षी करताना वेळ संपते, गुण मिळत नाही, नियम तो नियम. पण मूल शेवटचा ठोकळा बसवायच्या बेतात आहे की मघापासून एकच ठोकळा उलटसुलट फिरवतंय? दोघांच्या पुढ्यात शून्यच पडतं आणि दोघांची गोष्ट अगदी वेगळी असते. शिकाऊ विद्यार्थ्याची नजर स्टॉपवॉचवर असते. ती मुलाच्या हातांवर आणायला शेजारी कुणीतरी जाणतं बसावं लागतं.

हे शिक्षण कुठल्या पदवीत बसवायचं, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत १९४९ साली बोल्डरच्या परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधक आणि त्याच बरोबरीनं उपचारकही असावा, म्हणून पीएच.डी. पुढे १९७३ च्या व्हेल परिषदेनं प्रत्यक्ष कामाकडे झुकलेल्या साय.डी.ला मान्यता दिली. आपल्याकडे हे शिक्षण १९५५ मध्ये बंगळूरला सुरू झालं, त्याच संस्थेचं पुढे निम्हान्स झालं. नंतर दोन वर्षांची एम.फिल. हीच या व्यवसायाची मुख्य वाट ठरली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. पदवीच मोडीत काढली. आमच्या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, आणि आता चर्चा साय.डी.सारख्या पदव्यांची आहे.

पदवीच्या नावावरून वाद घालण्यात मला रस नाही. डॉक्टरेट होणार असेल तर चांगलंच आहे. संशोधन शिकलेला माणूस स्वतःच्या अंदाजावर सहज विश्वास ठेवत नाही, आणि आमच्या कामात तो गुण फार मोलाचा आहे. काळजी वाटते ती वेगळीच. प्रबंधाची पानं मोजता येतात, वॉर्डातल्या खुर्चीत काढलेले तास मोजायला कंटाळा येतो. गाइडनं एकेक ओळ वाचून ‘हे कुणी सांगितलं?’ असं विचारणं कुठल्याच गुणपत्रिकेत उमटत नाही. त्यात शिकवणारे थोडे, जागा थोड्या आणि रुग्णांची रांग लांबच लांब. अशा वेळी अभ्यासक्रमात पहिली कात्री सुपरव्हिजनला लागते. ती लागू नये. एक वर्ष जास्त लागलं तरी चालेल.

तुमच्या घरातल्या कुणाला मानसोपचारासाठी नेण्याची वेळ आली, तर संकोच करू नका. समोरची व्यक्ती स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि प्रशिक्षण कुठे झालं, रुग्ण कुणाच्या देखरेखीखाली पाहिले, हेही विचारा. नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.