मांडणीवरची उफणणी

सागाला करवत लागली की पडवीभर तेलकट, जरासा उग्र वास पसरतो. फणसाच्या फळीखाली पिवळाधमक भुसा साठतो. त्याच लाकडाच्या गाभ्यातून निघणाऱ्या रंगात आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवली जात. शिसवीचा भुसा जांभळट, आंब्याचा फिका. आज काय कापलं ते बाकाखालच्या ढिगाकडे पाहून कुणीही सांगेल. मला हा ढीग मनापासून आवडतो. घरात मात्र भुशाचा विषय निघाला की सगळ्यांचा एकच सल्ला असतो: त्या मांडणीला एकदाची दारं लावून टाक.

मला दारं लावायची नाहीत. बाकामागच्या भिंतीवर रंधे, पटाश्या, गुण्या, कानशी, खिळ्यांचे डबे, फेव्हिकॉलची बाटली असं सगळं उघडं मांडलेलं असतं. मान वळवली की दिसतं, हात लांबवला की मिळतं. डोळ्यांसमोर असलेलं हत्यार वापरात राहतं आणि वापरातल्या हत्याराची धार राखली जाते. त्यातून हे कोकण. पावसाळ्यात बंद कपाटात दमट हवा कोंडून राहते, दस्त्यांवर बुरशी धरते. उघड्या फळीवरून वारा तरी फिरतो.

पण भुसाही फिरतो. तो हवेतली ओल शोषतो, लोखंडाला चिकटून बसतो आणि जुलैत त्याच्याखाली गंज चढतो. म्हणून दारं नकोत असं म्हणणाऱ्यानं भुशाचं काय करायचं ते आधी नीट पाहायला हवं.

मांडणीकडे खालून वर पाहत गेलं, तर तिथे एक उफणणी झालेली दिसते. खळ्यात वाऱ्यावर धान्य सोडलं की दाणा पायाशी पडतो आणि तूस दूर उडतं. इथेही बाकाच्या पातळीवरच्या फळीवर करवतीचा जाडसर, बोटांना टोचणारा भुसा, त्याच्या वर पिठी, आणि डोक्याच्या वरच्या फळीवर हाताला जाणवतही नाही इतकी तलम पूड. ती बोट फिरवल्यावरच दिसते. पाण्याइतक्या घनतेचा कण धरला, तर 100 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत मीटरभर उंचीवरून चारेक सेकंदांत खाली येतो. 10 मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा मिनिटं लागतात, 1 मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ आठ तास. आणि पडवीतली हवा स्थिर कधी असते? संध्याकाळी झाडलोट करून आपण हात धुतो, तेव्हा सगळ्यात बारीक भुसा अजून अधांतरीच असतो. रात्री तो पटाश्यांवर उतरतो. आत झोपलेल्यांच्या श्वासातही जातो.

कौलांच्या फटीतून कवडसा आला की त्यातले काही कण नाचताना दिसतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापांची चढण सुरू होते तीच मुळी झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या अशा कणापासून, त्रसरेणूपासून. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा. डोळ्याला दिसणारं सगळ्यात लहान ते पहिलं माप. छातीत खोलवर जाणारा भुसा त्याहून लहान असतो.

इंग्लंडमधलं हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. 1960च्या दशकात तिथल्या आणि आसपासच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की एरवी अतिशय दुर्मीळ असलेला नाकाच्या पोकळीतला एक कर्करोग लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कारागिरांत फार आढळतो. पुढे 1995मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हाय विकमचे ते कारागीर जन्मभर कारखान्यांत घासत, कापत होते. सुट्टीच्या दिवशी पडवीत स्टूल करणाऱ्याची गोष्ट वेगळी, हे खरं. तरी आपल्या गावोगावच्या सुतारांनी नाकाला रुमालही न बांधता किती शिसव घासली असेल, या विचारानं मला फार वाईट वाटतं. शिसवीची पूड कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. सागाचीही काहींना बाधते.

भुसा जिथे जन्मतो तिथेच धरावा, फळीवर पोचल्यावर नाही, अशी माझी पक्की धारणा झाली आहे. सगळ्यात बरं म्हणजे तो होऊच देऊ नये. रंध्यातून छिलपे निघतात, लांब, कुरळे. ते पायाशी पडतात आणि हातानं गोळा होतात. पॉलिश पेपरातून मात्र नुसती धूळ निघते. म्हणून धार लावलेल्या रंध्यानं जितकं गुळगुळीत करता येईल तितकं करायचं आणि पॉलिश पेपर अगदी शेवटी, थोडाच फिरवायचा. घासण्याचं यंत्र वापरायचं तर व्हॅक्यूमची नळी त्याला जोडूनच. साध्या कापडी पिशवीतून तलम पूड पलीकडे निघून जाते, तेव्हा आत हेपा फिल्टर हवा, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, समोरचं दार उघडं, छताचा पंखा बंद, नाकावर एन-95. घाम येतो. येऊ द्यावा.

मांडणीही थोडी बदलावी लागते. सलग फळीऐवजी बोटभर अंतर सोडून पट्ट्या ठोकल्या, तर जाड भुसा अडत नाही, खाली गळतो. भिंतीपासून ती जरा पुढे घेतली की मागच्या कोपऱ्यात ढीग साचत नाही. धारेची हत्यारं आडवी निजवण्यापेक्षा टांगलेली बरी. पुसायचं ते ओलसर फडक्यानं, आणि लगेच कोरड्यानं. फडकं झटकायचं नाही, फळीवर फुंकर तर मारायचीच नाही. खाली बसलेलं सगळं पुन्हा हवेत जातं. जमीन झाडायला मी बाकाखालचाच जाड भुसा घेतो, पाण्यानं जरा ओलावतो आणि पसरून केरसुणीनं ओढतो. बारीक धूळ त्याला चिकटून येते, उडत नाही.

उरलेल्या ढिगाला पूर्वी घरात मान होता. वखारीतून भुसा विकत आणून शेगडीत ठासायचा, मधे बाटली उभी धरून पोकळी ठेवायची, मग त्यावर तास न् तास मंद आचेवर पाणी तापे. बर्फाच्या लाद्या भुशात पुरून ठेवत. आता आमच्याकडे सागाचा भुसा सुक्या पानांबरोबर खताच्या खड्ड्यात जातो, थोडा थोडा. प्लायवूडचा नाही, त्यात चिकटवणारी रसायनं असतात.

सगळ्यात वरच्या फळीवर मी एक काळा पत्रा ठेवला आहे, त्यावर काहीही न ठेवता. रंध्याचं काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो काळाच असतो. पॉलिश पेपरानंतर जरा करडा दिसतो, नळी जोडलेली असली तरी. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबून केलेली फळी, कापल्यावर तो पांढुरका झाला होता, आणि ती पूड पुसताना घसा खवखवत राहिला. एमडीएफ मी आता पडवीत आणत नाही. कुणाला हवंच असेल, तर मापं लिहून देतो आणि दुकानातूनच कापून आणायला सांगतो.