बोर्डोच्या द्राक्षभूमींत

‘बोर्डो’ हें नांव महाराष्ट्रांतील बागायतदारांच्या घरीं कांहीं नवें नाहीं. नाशिककडील द्राक्षांवर केवडा पडूं लागला, किंवा कोंकणांत पोफळींस कोळेरोग जडला, कीं मोरचूद व चुना यांचें निळसर पाणी फवारतात; त्यास आपल्याकडे बोर्डो मिश्रण म्हणतात. हें नांव ज्या नगरावरून पडलें तें नगर फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागांत गारोन नदीच्या कांठीं वसलेलें आहे, आणि त्या मिश्रणाचा जन्महि तेथल्याच द्राक्षमळ्यांत झाला. सें झुलियां गांवीं रस्त्याच्या कडेच्या वेलींवर, वाटसरूंनीं द्राक्षें तोडून खाऊं नयेत म्हणून, मळेवाले हें निळें पाणी शिंपडीत असत. १८८२ सालीं बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे हे त्या वाटेनें जात असतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, आंतल्या वेलींचीं पानें रोगानें गळालीं आहेत, पण कडेच्या वेलींचीं टिकलीं आहेत. पुढें १८८५ त त्यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चोरांच्या भयानें योजिलेल्या युक्तींतून जगभरच्या शेतकऱ्यांस औषध मिळालें!

आमची कन्या व जांवई तूलूझ शहरीं असतात. जांवई विमानांच्या कारखान्यांत अभियंते आहेत. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. तूलूझहून बोर्डोस आगगाडीनें सुमारें दोन तास लागतात. जांवयांचे एक सेवानिवृत्त सहकारी तेथें राहतात. त्यांनीं आग्रहाचें निमंत्रण केलें, म्हणून दोन दिवस तिकडे काढले. त्या दोन दिवसांत जें पाहिलें तें येथें लिहीत आहों. विषय द्राक्षांच्या मद्याचा आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. त्यास ‘दारू’ म्हणावें तर अर्थ भलताच होतो, आणि ‘द्राक्षासव’ म्हणावें तर वैद्याची बाटली डोळ्यांपुढें येते; यास्तव ‘वाईन’ हाच रूढ शब्द आम्ही वापरणार आहों.

बोर्डोहून वायव्येकडे निघालें म्हणजे गारोन व दोर्दोन्य या नद्यांचा संगम लागतो, आणि संगमापुढें त्यांस जिरोंद असें तिसरेंच नांव मिळतें. कऱ्हाडास कृष्णा कोयनेस पोटांत घेऊन आपलेंच नांव पुढें चालविते. येथें दोघींनींहि आपआपलें नांव सोडलें आहे. ही जिरोंदची रुंद खाडी आणि महासागर यांच्या मधली जी चिंचोळी पट्टी, तीच मेदोक. तांबड्या वाईनसाठीं पृथ्वीवर यापरता नामांकित मुलूख नाहीं म्हटलें तरी चालेल. तथापि प्रथमदर्शनीं आमची निराशाच झाली. डोंगर नाहीं, दरी नाहीं. जमिनीचे उंचवटे इतके अल्प कीं ते कोणी दाखवावे तेव्हां दिसावे. कमरेइतक्या उंचीच्या वेलींच्या सरळ ओळी, कोठें कोठें ओळीच्या तोंडाशीं गुलाबाचें झाड, आणि वेलींच्या पायथ्याशीं माती म्हणावी तर नुसते गोटे! आमच्या एखाद्या शेतकऱ्यानें असली जमीन लेकीच्या सासऱ्यांस दाखविली असती, तर सोयरीक मोडली असती.

परंतु सारें मर्म त्या गोट्यांतच आहे. नदीनें प्राचीन काळीं आणून टाकलेला हा रेतीगोट्यांचा थर पाणी धरून ठेवीत नाहीं. वेलीस वर सुखानें पाणी मिळत नाहीं, म्हणून तिचीं मुळें खोल जातात; गोटे दिवसा तापतात आणि सायंकाळनंतरहि ऊब देतात; आणि खाडी जवळ असल्यामुळें हिंवाळ्यांत कडाक्याच्या दंवाची धार थोडी बोथट होते. ज्या मळ्यांतून नदी दिसते ते मळे उत्तम, असें तेथील लोक म्हणतात. सखल भागीं पूर्वीं दलदल होती. ती सतराव्या शतकांत डच लोकांनीं चर खणून आटविली. आपल्याकडे वेल कधींच पुरती झोपत नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत गोड्या बहाराची छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. येथें ती हिंवाळाभर निष्पर्ण होऊन निजते, आणि छाटणी एकदांच. वर्षाकाठीं एकच पीक, तेंहि पूर्णपणें आकाशाच्या हवालीं. म्हणूनच बाटलीवर साल छापतात, आणि जाणते लोक मळ्याच्या नांवाबरोबरच साल विचारतात.

या मळ्यांच्या प्रतवारीची हकीकत मोठी गमतीची आहे. १८५५ सालीं पॅरिस येथें तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या आज्ञेनें जागतिक प्रदर्शन भरलें. त्यासाठीं बोर्डोच्या दलालांनीं, कोणत्या मळ्याच्या मालास आजवर काय भाव आला हें पाहून, तांबड्या वाईनच्या मळ्यांचे पांच वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत चारच: लाफित, लातूर, मार्गो व ओ-ब्रियों. त्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, मालक बदलले, राज्यें बदललीं, पण वरच्या वर्गांत चढविलेला मळा एकच. मूतों रोथशील्ड यास १९७३ त दुसऱ्यांतून पहिल्यांत घेतलें; त्या हुकुमावर सही करणारे शेतकी मंत्री झाक शिराक हे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले. आम्हीं शिक्षकीच्या काळांत वर्षानुवर्षें निकाल लावले. एकदां लावलेला निकाल इतका टिकल्याचें कोठें ऐकिलें नाहीं, आणि टिकावा असेंहि वाटत नाहीं.

पोयाक गांवाजवळ रस्त्याच्या दोहों बाजूंस समोरासमोर दोन वाडे उभे आहेत. दोन्हींच्या नांवांत ‘पिशों’ हा शब्द आहे. एके काळीं ही एकच जहागीर होती. तिचे धनी बॅरन झोझेफ यांस दोन पुत्र व तीन कन्या. १८५० त ते वारले तेव्हां, फ्रेंच कायद्यान्वयें मुलगा-मुलगी हा भेद नसल्यामुळें, जमिनीचे पांच वांटे झाले: दोन पुत्रांकडे, तीन कन्यांकडे. कन्यांच्या बाजूचा मळा व्हिर्जिनी या कन्येच्या सासरच्या नांवावरून पिशों लालांद म्हणून प्रसिद्धीस आला. आमच्या वाचकांत वांटणीचे कागद ज्यांनीं पाहिले नाहींत असे थोडे असतील. बहिणींचा वांटा भावांच्या तोडीस तोड, किंबहुना बाजारांत कित्येकदां सरस ठरला, ही गोष्ट त्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हा मळा १९७८ पासून पुढें सुमारें तीस वर्षें मे-एलियान द लांकसें या बाईंनींच चालविला. याच बाईंनीं सत्तरी उलटल्यावर दक्षिण आफ्रिकेंत नवा मळा घेतला!

आतां १९८२ सालाविषयीं. त्या वर्षीं जूनच्या आरंभीं वेली फुलल्या तेव्हां हवा स्वच्छ होती. जुलै तापला, ऑगस्ट सौम्य गेला, आणि सप्टेंबरांत पुनः कडक ऊन पडून महिन्याच्या मध्यास तोडणी सुरू झाली. पीक बहुत आलें तर गुण पातळ होतो असा सामान्य अनुभव. त्या वर्षीं मात्र पीकहि उदंड आणि गुणहि मोठा. पुढील वसंतांत परीक्षक मंडळी पिंपांतील कोवळी वाईन चाखावयास आली, तेव्हां त्यांच्यांत तट पडले. ही फार मऊ आहे, इच्यांत आंबटपणा कमी आहे, ही टिकणार नाहीं, असें कित्येक जुन्या जाणत्यांनीं म्हटलें. अमेरिकेंतील मेरीलँडचे एक तरुण वकील, रॉबर्ट पार्कर, हे आपलें लहानसें नियतकालिक काढून वाईनला शंभरांपैकीं गुण देत असत. त्यांनीं मात्र हें साल असामान्य आहे असें ठासून लिहिलें. या एका सालानें ते जगप्रसिद्ध झाले आणि वकिली सुटली. पिशों लालांदची १९८२ ची वाईन अनेकांनीं पुढें पहिल्या वर्गाच्या पंक्तीस बसविली. शेजाऱ्यांच्या मानानें या मळ्यांत मेर्लो जातीचीं मृदु द्राक्षें अधिक, हें एक कारण सांगतात.

दुपारीं एका वाड्यांत आम्हांस तळघर दाखविलें. २२५ लिटरचीं ओकच्या लांकडाचीं पिंपें ओळीनें मांडलेलीं. एका पिंपांत तीनशें बाटल्या. अशा पिंपांत वाईन दीडएक वर्ष राहते. ती निवळावी म्हणून पिंपांत अंड्यांतील पांढरा भाग घालण्याची जुनी चाल आहे. तो गाळ घेऊन खालीं बसतो आणि वरची वाईन काढून घेतात. आतां सर्वच मळेवाले असें करतात असें नाहीं, पण ही गोष्ट ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींनीं पदर सांवरला, आणि आपल्यापुरता प्रश्न तेथेंच निकालांत काढला. चाखण्याच्या दालनांत मात्र एक गोष्ट पाहून नवल वाटलें. मेजावर पिकदाण्या होत्या! तज्ज्ञ लोक घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकतात, गिळीत नाहींत. म्हणजे परीक्षा निराळी आणि प्राशन निराळें. आमच्या घराण्यांत मद्य वर्ज्य. वडिलांच्या हयातींत दशमूलारिष्टाची बाटली देखील बाळंतिणीच्या खोलीबाहेर येत नसे. पिकदाणी पाहून आमच्या मनास जरा वाट सांपडल्यासारखें झालें, तरी तेथें आम्हीं पेल्यास हात लाविला नाहीं.

रात्रीं यजमानांकडे भोजन. त्यांनीं आमच्यासाठीं बटाटे, भाज्या, पाव व अक्रोड एवढाच बेत ठेविला होता. मेजावर पिकदाणी नव्हती. यजमान तळघरांत जाऊन एक धुळकट बाटली दोहों हातांनीं, तान्ह्या मुलास आणावें तशी, आडवीच घेऊन आले. पिशों लालांद, १९८२. त्यांच्या वडिलांनीं तेव्हां बारा बाटल्या घेतल्या होत्या, बाजारांत भाव चढण्यापूर्वीं. आज एकीस कित्येक शें युरो पडतात. वडील गेले, यजमानांचीं मुलें परदेशीं, पत्नीहि आतां नाहींत. दोन बाटल्या उरल्या होत्या. “ही एकट्यानें उघडावयाची वस्तु नव्हे,” असें त्यांनीं सांगितलें तें कन्येनें आम्हांस मराठींत समजाविलें.

आमची अवस्था कठीण झाली. एकीकडे जन्मभर पाळलेला नेम. दुसरीकडे ज्या गृहस्थानें पित्यानें ठेविलेली वस्तु अतिथीपुढें मांडली त्याचें मन. आमच्या मुखावरचा भाव ओळखून सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “अहो, वडिलांची ठेव आहे ती त्यांच्या. आचमनापुरती घ्या, म्हणजे झालें.” आचमनास उडदाचा दाणा बुडेल इतकें पाणी शास्त्रानें सांगितलें आहे. तें माप आम्हीं मान्य केलें, आणि त्याविषयीं आजहि मनांत कांहीं किंतु नाहीं.

यजमानांनीं मेणबत्तीच्या उजेडांत, तळचा गाळ ढवळूं न देतां, वाईन कांचेच्या सुरईंत ओतली. रंग मधोमध माणकासारखा, पण कडेस विटकरी. तांबडी वाईन वृद्ध झाल्याची ती खूण. मग पाऊण तास तिच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. आम्हीं पेला नाकाशीं धरिला तेव्हां प्रथम ओल्या मातीचा, मग देवदारी पेटीचा, आणि मागाहून पिकल्या जांभळाचा व सुकल्या मनुकांचा असा वास एकामागून एक येत गेला. यजमान ‘कासिस’ म्हणत. तें फळ आम्हीं चाखिलेलें नाहीं, म्हणून आम्ही जांभूळच म्हणणार. पंधरा मिनिटांनीं पुनः हुंगिलें तों तंबाखूच्या वाळल्या पानाची छटा निघाली. सौभाग्यवतींनीं दुरूनच वास घेऊन, “कपाटांत ठेविलेल्या जुन्या शालूसारखा आहे,” असा अभिप्राय दिला. कन्येनें त्याचें भाषांतर करतांच यजमानांनीं उठून त्यांस नमस्कार केला.

मग तें आचमन. आपल्या शास्त्रकारांनीं रस सहा मानिले. त्यांत सहावा कषाय. हिरडा, कात, कच्चें केळें यांनीं जीभ जी आकसते तो कषाय. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञ त्यास रस न म्हणतां स्पर्श म्हणतात; द्राक्षाच्या सालींतील व बियांतील टॅनिन हें द्रव्य लाळेंतील प्रथिनांस बांधतें आणि तोंड कोरडें पडतें, असा त्यांचा उलगडा. वाद कांहींहि असो, तांबड्या वाईनचा प्राण कषाय रसांतच आहे. कोवळेपणीं तो इतका उग्र कीं दांत आंबावे. वर्षें जातात तसतसे त्याचे कण एकमेकांस बिलगून जड होतात व गाळ होऊन तळीं बसतात. चाळीस वर्षांनंतर आमच्या जिभेवर जो कषाय आला तो जुन्या रेशमासारखा मृदु होता. त्याच्या आगेंमागें किंचित् अम्ल, आणि शेवटीं साखरेवांचूनचा मधुर. घोट तो केवढा, पण चव मिनिटभर तोंडांत राहिली. हिच्यांत टिकण्याची शक्ति नाहीं म्हणणारे परीक्षक त्या मेजाशीं असते तर बरें झालें असतें.

उरलेला आमचा पेला जांवयांनीं संपविला. यजमानांजवळ वडिलांची वही होती. बारांपैकीं कोणती बाटली कधीं व कोणाबरोबर उघडली याची नोंद तींत ठेविलेली. त्यांनीं ती आमच्यापुढें करून चव कशी होती हें आमच्या अक्षरांत लिहावयास सांगितलें. आम्हीं तारीख घालून ‘कषायमधुर’ असें देवनागरींत लिहिलें व खालीं उभयतांचीं नांवें घातलीं. शेवटच्या बाटलींतील पातळी मानेखालीं उतरली आहे, ती आतां फार वर्षें ठेवतां येणार नाहीं, असें ते म्हणाले. त्यांचे धाकटे चिरंजीव नाताळांत घरीं येणार होते.