गिटारवादक नसलेला रॉकबँड

१९६७ साली लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बर्ड यांनी एक रॉकबँड उभा केला आणि त्यात प्रमुख गिटारवादकच ठेवला नाही. इलेक्ट्रिक व्हायोलिन, पडदे नसलेला बास, तालवाद्ये आणि मूळ ध्वनीला ओळखू येऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. बँडचे नाव 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'. व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात असताना एका कम्युनिस्टाने अख्ख्या देशाचे नाव आपल्या बँडला द्यावे, ही उघड कुरापत होती.

गायिका होत्या डोरोथी मॉस्कोविट्झ. त्याच सुमारास गायत्री राजापूर आणि हरिहर राव यांच्या 'रागाज फ्रॉम साउथ इंडिया' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी तंबोऱ्याची साथ केली होती. सतारीचे चार सूर पेरले की गाण्याला पूर्वेचा रंग चढतो, असा तेव्हाच्या रॉकमध्ये समज होता. मॉस्कोविट्झ यांच्या गायनात ही रंगरंगोटी नाही. त्यांचा थंड, जवळजवळ निर्विकार स्वर भोवतालच्या गोंगाटात जागचा हलत नाही, आणि तो ऐकताना तंबोऱ्याची ती बैठक आठवल्यावाचून राहत नाही.

पेच निराळाच होता. भांडवलशाहीवर तुटून पडणारी ही मंडळी ध्वनिमुद्रिका काढत होती कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीकडून. १९६८ साली निघालेल्या या एकमेव अल्बमची सुरुवातच सर्कशीतले वाद्य आणि संचलनाचे बँड एकाच वेळी वेगवेगळ्या चाली वाजवत असल्याच्या कल्लोळाने होते. त्यातल्या एका गाण्याचे शीर्षक 'लव्ह साँग फॉर द डेड चे'. चे गव्हेरा यांना बोलिव्हियात ठार मारून तेव्हा वर्षही उलटले नव्हते. आश्चर्य असे, की गाण्यात घोषणाबाजी मुळीच नाही. आहे ते हळुवार विरहगीत. संपूर्ण अल्बममधली सर्वांत राजकीय जागा हीच असावी.

बिलबोर्डच्या यादीत अल्बम १८१ व्या क्रमांकापर्यंत कसाबसा पोहोचला. अपयशाचे खापर विक्रीवर फोडणे सोपे आहे. पण समतेच्या गोष्टी करणाऱ्या या गटाला सूत्रे कोणाच्या हाती असावीत, हे शेवटपर्यंत ठरवता आले नाही. १९६८ सालीच तो मोडला.

ब्रिटनमध्ये मात्र त्यांचे एक गाणे सीबीएसच्या 'द रॉक मशीन टर्न्स यू ऑन' या स्वस्त संकलनात आले आणि मूळ अल्बम कधीही न पाहिलेल्या श्रोत्यांच्या घरी पोहोचले. १९९७ साली ब्रिस्टलच्या पोर्टिसहेडने 'हाफ डे क्लोजिंग' हे गाणे केले. त्यात या बँडचा ठसा स्पष्ट ऐकू येतो.