तळहाताआडचा समुद्र

मरीन ड्राइव्हला पोहोचल्या पोहोचल्या मी उजेड मोजणारा लक्समीटर पिशवीतून काढत नाही. गाड्यांच्या हेडलाइटांनी दिपलेले डोळे आधी निवावे लागतात. तोवर कट्ट्यावर नुसती बसते.

२०१५ मध्ये इथले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले. ‘राणीचा हार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांच्या ओळीचं सोनं गेलं, अशी ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे पिवळसर छटेचे एलईडी आले. रंग ओळखू येण्याच्या बाबतीत सोडियम फार कच्चा. त्याच्याखाली लाल आणि निळी साडी सारखीच मळकट दिसते. म्हणजे कागदावर पांढरा दिवा सरस होता. पण मलबार हिलवरून पाहणाऱ्याला साडीचा रंग कुठे बघायचा असतो? त्याला किनाऱ्याची वळणदार ओळ हवी असते. तेव्हापासून कुठल्याही वस्तीचा उजेड मी दोनदा पाहते, एकदा लांबून आणि एकदा आत चालत.

आत चालताना मुख्य प्रश्न चेहऱ्याचा. महत्त्वाच्या रस्त्यांसाठी आपल्या मानकात सरासरी ३० लक्स सांगितले आहेत, पण ते रस्त्याच्या पृष्ठभागावरचे. समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर किती उजेड पडतो, हे लक्समीटर दीड मीटर उंचीवर उभा धरल्याशिवाय कळत नाही. सोबतच्या मुलीला मी दोन खांबांच्या मधून माझ्याकडे चालत यायला सांगते. चार मीटरवर तिच्या चेहऱ्यावरचा भाव वाचता आला पाहिजे. एकट्या बाईला रात्री सुरक्षित वाटणं बरंचसं यावरच ठरतं, आणि या मोजणीत मी तडजोड करत नाही.

समोरच्या आर्ट डेको इमारतींचं दुखणं वेगळं. त्यांच्या गोलाईदार बाल्कन्यांना सावली लागते. समोरून सपाट झोत टाकला की गोलाई मरते आणि इमारत पुठ्ठ्याची वाटते.

डोळे दिपवणारी चकाकी तपासायला मात्र मीटरही नको. वय वाढतं तशी डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, उजेड आतच विखुरतो. म्हणून आईला एकदा मुद्दाम सोबत नेलं. तिला जवळचा दिवा तळहाताने झाकायला सांगितला.

"अगं," ती म्हणाली, "आता लाटा दिसतायत."

त्या खांबाचा क्रमांक मी वहीत लिहून घेतला.